चौथा धडा

मिलवॉकी,
रविवार, १२ फेब्रुवारी १९९५

प्रिय नेट्टा,

तू बरी असशील असं धरून चालतो. या थंडीत तुझ्या आईचा गुडघा त्रास देत असेल. आमच्याकडे सगळं ठीक. आई दोन पाळ्या करते, नळ दोनदा गोठला, आणि पायऱ्यांवरचा बर्फ रोज मीच फोडतो. घरात दुसरं कोणी रिकामटेकडं नाही, हे आई दिवसातून एकदा ऐकवतेच.

फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहितो आहे. फाडायचंच असेल तर निदान शेवटपर्यंत वाचून फाड.

माझं सगळं बदललं तो क्षण तुला ठाऊक आहे. कॉलेजचं तिसरं वर्ष, ऑक्टोबर महिना, खोलीत अंधार आणि पडद्यावर आपल्या शहराचा साठ वर्षांपूर्वीचा नकाशा. कर्ज द्यावं अशा वस्त्या हिरव्या, देऊ नये अशा लाल. सरांची काठी फिरत फिरत सत्ताविसाव्या रस्त्यावर येऊन टेकली. मी उठून म्हणालो, सर, तुमच्या काठीखाली माझ्या आजीचं घर आहे. कोणी हसलं असतं तरी चाललं असतं. सर शांतपणे म्हणाले, वैयक्तिक गोष्टी तासानंतर बोलू. मी पुस्तकं उचलली, दार आपटलं आणि त्या इमारतीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. वर्गात आम्ही दोघंच काळे होतो. दुसरा खाली मान घालून लिहून घेत होता.

त्यानंतर मी ती वही लिहायला घेतली. कॉलेज सोडून पाठ्यपुस्तक लिहिणारा तू पहिलाच, असं तू म्हणाली होतीस. चिडवत होतीस, पण पहिल्या धड्यातल्या चुका तूच दुरुस्त केल्यास. ज्या गल्लीतून बँक ठेवी गोळा करते त्या गल्लीला कर्ज देणं तिच्यावर कायद्यानं बंधनकारक आहे, हे वाक्य मी अकरा ओळींत लिहिलं होतं. तू ते एका ओळीत आणलंस. दुसऱ्या धड्याची सुरुवात तर अख्खी तुझी: ‘कोट नीट घाला, बँकेत जा आणि सांगा, कर्जांची नोंदवही बघायची आहे. कारण सांगायची गरज नाही.’ तिसरा धडा शाळांचा. घरांना कर्ज नाही, म्हणून घरांना भाव नाही, म्हणून कर कमी जमा होतो, म्हणून आपल्या पोरांच्या शाळेची खिडकी पुठ्ठ्याची. तो वाचून पास्टरांनी दोनशे प्रती काढायला चर्चचं यंत्र दिलं.

आणि आपल्या वर्गाचा नियम तुला माहीत आहे. दर बुधवारी चर्चच्या तळघरात पंधरा-वीस माणसं जमतात, बहुतेक साठीच्या पुढची. धड्याच्या सुरुवातीला एक खरी गोष्ट. ज्याची गोष्ट, त्यानंच उभं राहून सांगायची, आधी नाव, मग रस्ता. मी ती लिहून घेणार, तो खाली सही करणार. वर्गातल्या यूलामावशींनी घातलेला नियम. त्या म्हणतात, चर्चमध्ये साक्ष द्यायची तर स्वतःच्या तोंडानं द्यायची, शेजाऱ्याच्या नाही.

चौथ्या धड्याच्या गोष्टीखाली सही नव्हती.

आता जे झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी ओळीनं लिहितो, म्हणजे मलाही नीट दिसेल. शुक्रवारी तुझ्या बँकेच्या मॅनेजरनं तुला आत बोलावलं. त्याच्या टेबलावर आमची वही होती, चौथ्या धड्यावर उघडलेली. त्यात मी लिहिलं होतं: आपल्याच माणसांतली एक मुलगी बँकेत काम करते, आणि आपल्या वस्तीतले अर्ज खालच्या ट्रेमध्ये टाकायला तिला सांगतात. नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचं नाही, एकेक कागद पुन्हा मागायचा, माणूस कंटाळला की फाइलवर ‘अपूर्ण’ लिहून ती बंद करायची. नाव कुठेच नव्हतं. पण त्या शाखेत आपल्यातली मुलगी एकच आहे. चौकशी होईपर्यंत घरी बस, असं तुला सांगितलं.

शनिवारी बँकेच्या वकिलाचा पास्टरांना फोन आला. येत्या गुरुवारी सुनावणी आहे. बँकेला दुसरी बँक विकत घ्यायची आहे आणि त्याआधी सरकार लोकांचं ऐकून घेणार आहे. वकील गोड बोलला म्हणे. एक तर मी सगळ्यांसमोर सांगावं की ती गोष्ट मी मनानं रचली, किंवा जिनं सांगितली तिचं नाव घ्यावं. रचली म्हटलं तर अख्खी वही खोटी, आमची साक्ष खोटी, यूलामावशींनी छपराच्या दुरुस्तीसाठी केलेला कर्जाचा अर्ज पुन्हा त्याच ट्रेमध्ये. नाव घेतलं तर तुझी नोकरी गेली, आणि गिऱ्हाइकांचे कागद बाहेर फोडणारी म्हणून या शहरातली कुठलीच बँक तुला दारात उभी करणार नाही.

पास्टर म्हणाले, पोरा, पेन तुझं होतं, ठरव.

वही बँकेत कोणी पोचवली, यावर आज चर्चच्या जेवणात कुजबूज होती. क्लीओकाका त्याच शाखेत लादी पुसतात आणि बुधवारी वर्गालाही येतात. सगळ्यांनी दोन आणि दोन चार केले. काका आपली प्लेट घेऊन कोपऱ्यात बसले. यूलामावशी पीच घालून भाजलेला गोड कॉबलर वाढत आल्या आणि त्यांच्या प्लेटशी न थांबता पुढे गेल्या. मी बघितलं. मी काही बोललो नाही. कोणी काय नेलं हे शपथेवर कोण सांगणार?

उरलेलं नंतर लिहितो.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

आज तुझ्या दारात आलो होतो. हातात काही नव्हतं. आजची तारीख बघून काही आणायला हवं होतं असं वाटलं, पण कोणत्या तोंडानं आणणार?

तुझ्या आईनं बाहेरचं दार उघडलंच नाही, काचेतूनच बोलली. म्हणाली, ती झोपली आहे. आत तुझा रेडिओ चालू होता आणि तू गाण्यामागून गुणगुणत होतीस, बेसूर, नेहमीसारखी. मी म्हणालो, मिसेस आर्डिस, मला फक्त पाच मिनिटं बोलायचं आहे. ती म्हणाली, “वहीत लिहून टाक की. आम्ही घेऊ वाचून, सगळ्या गावाबरोबर.”

मी वळलो. पायरीवर बर्फ होता, घसरलो. तेवढ्यात तिनं दार किलकिलं करून विचारलं, लागलं का? नाही म्हटल्यावर परत लावलं.

कालचं सांगतो. सोमवारी सकाळी यूलामावशी आमच्या घरी आल्या. डोक्यावर रविवारची टोपी, हातात पर्स, म्हणजे कामाला निघालेल्या. म्हणाल्या, चल, नोंदवही बघायला जाऊ. मी म्हणालो, मावशी, आता त्यानं काय होणार. त्या म्हणाल्या,

“दुसरा धडा तूच लिहिलास ना? मग स्वतः कधी मागितलीस ती नोंदवही?”

नेट्टा, मी कधीच मागितली नव्हती. बारा महिने लोकांना कोट घालून जा म्हणून शिकवलं आणि स्वतः एकदाही गेलो नाही. मला वाटायचं आकडे म्हणजे कारकुनी, आग माझ्याकडे आहे. मावशींना हे सांगितलं नाही. त्यांना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण पुढे बसमध्ये त्या फक्त हवेबद्दल बोलल्या.

मुख्य ग्रंथालयात दुसऱ्या मजल्यावर सगळ्या बँकांच्या नोंदी ठेवलेल्या असतात. कोणीही मागाव्यात. तिथल्या बाईंनी आमच्यापुढे आपल्या बँकेचा गठ्ठा ठेवला आणि वर पेन्सिलीही दिल्या. ओळींमागून ओळी. नावं नाहीत. वस्तीचा क्रमांक, रक्कम, अर्जदार गोरा की काळा, आणि शेवटी एक आकडा: एक म्हणजे कर्ज दिलं, तीन म्हणजे नाकारलं, चार म्हणजे माणसानं अर्ज मागे घेतला, पाच म्हणजे अपूर्ण म्हणून बंद.

मी नेहमी तीनच शोधत आलो. बँका तिनाचा आकडा दाखवून म्हणतात, बघा, आम्ही तर फार कमी लोकांना नाकारतो. आणि खरंच, तीन फारसे नव्हते. मावशींनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, पाच मोज.

आज वर्गातली आणखी चार माणसं आली. टेबलाभोवती बसून आम्ही सहा जण दुपारपर्यंत पाच मोजत होतो. आपल्या चार वस्त्यांत दहा अर्जांमागे चार ‘अपूर्ण’. सरोवराकाठच्या गोऱ्या वस्तीत विसामागे एक. तिथल्या लोकांना कागद जमवायची अक्कल आहे आणि आपल्याला नाही, असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणू दे.

मग मावशींचं बोट एका ओळीवर थांबलं. वस्ती आपली. अर्ज छपराच्या दुरुस्तीचा. रक्कम त्यांनी मागितली होती तीच. शेवटी पाच. किती तरी वेळ त्यांनी बोट उचललं नाही.

“ही मीच,” त्या म्हणाल्या. “पाच वेळा तेच कागद नेऊन दिले मी यांना. इस्त्री केल्यासारखे सपाट करून.”

तुझा खालचा ट्रे त्या गठ्ठ्यात होता. पहिल्यापासून होता, कोणालाही दिसेल असा. तू मला कधी काही सांगितलं नसतंस तरी तो सापडला असता. फक्त बसून मोजायला हवं होतं.

हे लिहिल्यावर आता मला पुढचं लिहायलाच हवं.

रविवारी वर खोटं लिहिलं. सगळं बदललं तो क्षण कॉलेजातला नव्हे. ती गोष्ट मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत आलो, चांगली वठते म्हणून. खरा क्षण दुसरा. डिसेंबरात तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात तू मला ट्रेबद्दल सांगितलंस तेव्हा तू रडत होतीस. हे फक्त तुला सांगते आहे, म्हणालीस. मी हो म्हटलं आणि ते पाळलंही. मग जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी त्याच टेबलाशी तू म्हणालीस, ग्रेगरी ईस्टरला मला त्याच्या घरच्यांना भेटवायला नेणार आहे. कॉलेज पुरं कर, थॅड, असंही म्हणालीस, आणि माझा हात थोपटलास. लहान भावाचा थोपटावा तसा. मी तुमचं दार आपटून गेलो. त्याच संध्याकाळी चौथा धडा लिहिला. एकटाकी, एकही खाडाखोड न करता. मी स्वतःला सांगत राहिलो की वस्तीसाठी लिहितो आहे.

आणखी एक आहे. ती वही बँकेत मी नेली.

मागच्या मंगळवारी. तुझ्या हातात द्यायची होती. तू वाचताना तुझा चेहरा बघायचा होता. तुझी खुर्ची रिकामी होती. मागच्या काचेच्या खोलीत तू ग्रेगरीबरोबर कॉफी घेत होतीस आणि हसत होतीस. मी वही चौथ्या धड्यावर उघडली, तुझ्या टेबलावर पालथी ठेवली आणि निघून आलो. परत वळून उचलावी असं दारापाशी वाटलं होतं. नाही उचलली. रविवारपासून क्लीओकाकांच्या नावानं लोक बोटं मोडताहेत आणि मी खाली मान घालून कॉबलर खातो आहे. कॉलेजच्या त्या वर्गातल्या दुसऱ्या पोरासारखा.

गुरुवार, १६ फेब्रुवारी, सकाळ

काल बुधवार. नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. मी फळ्यापाशी गेलो नाही, खुर्च्यांच्या रांगेत उभा राहिलो आणि नियमानं सुरुवात केली. माझं नाव थॅडियस पिकन्स, सत्ताविसावा रस्ता. मग सांगितलं. वही मी नेली. क्लीओकाकांनी नाही. चौथ्या धड्याची गोष्ट माझी नव्हती, आणि ज्याची होती त्याला मी विचारलं नव्हतं. कोणाची, हे कोणी विचारू नये. कोणी विचारलं नाही. तुझं नाव तिथे निघालं नाही, एवढं मी तुला खात्रीनं सांगतो.

 मी काकांकडे वळून माफी मागायला लागलो तर त्यांनी हातानंच थांबवलं.

“मला ठाऊक होतं, पोरा. तिच्या टेबलापासून दारापर्यंत तुझ्या बुटांचं पाणी मीच पुसलं.”

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, बोलायचं तुझं होतं. मी वाट बघत होतो, किती दिवस लावतोस ते. मग म्हणाले, आणि आत येताना बूट पुसायला शीक, तुझ्या आजीनं शिकवलं नाही का? कोणीतरी हसलं. यूलामावशी उठल्या, कोपऱ्यातल्या टेबलावरचा कॉबलरचा ट्रे उचलून थेट काकांपुढे गेल्या आणि त्यांच्या प्लेटमध्ये वाढलं. काका म्हणाले, रविवारचंही वाढा. त्यांनी वाढलं.

पास्टरांनी माझ्या हातातून खडू काढून घेतला. रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. पुढच्या बुधवारपासून वर्ग यूलामावशी घेणार. मी येऊन मागे बसू शकतो, ज्याला शिकायचं आहे त्याला कोणी अडवत नाही, असं म्हणाले.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून उरलेल्या प्रतींतून चौथा धडा काढला. टाचण्या उचकटायच्या, चार पानं काढायची, मोजणीची नवी पानं घालायची, पुन्हा टाचायचं. काकांची बोटं सगळ्यांत चपळ. नव्या धड्याच्या सुरुवातीला मावशींची गोष्ट आहे, त्यांच्याच तोंडची, खाली सही: यूला गेन्स. आणि शेवटी नेहमीसारखा प्रश्न: ‘तुमच्या वस्तीतले पाच किती? जाऊन मोजा.’ हा प्रश्न लिहिताना मला लाज वाटली, पण तो काढून टाकला नाही.

जाताना मी मावशींना विचारलं होतं, वकिलानं तोंडावर विचारलं की ते पान खरं की खोटं, तर काय सांगू? खोटं म्हटलं की नेट्टा सुटते. मावशींनी टोपीची पिन काढली, पुन्हा खोचली. म्हणाल्या, माझ्या छपराखाली खोटं नको. पण विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर द्यावं असंही बायबलात कुठे लिहिलेलं नाही.

म्हणून मी आज असं बोलणार आहे: ते पान मी रागात लिहिलं. आमच्या वर्गाचा नियम मोडून लिहिलं. ते मी मागे घेतो, त्यावर माझ्या तोंडून आणखी एक शब्द निघणार नाही. आता ग्रंथालयातले आकडे ऐका, ते तुमचेच आहेत. मग मी खाली बसेन आणि मावशी उभ्या राहतील.

वकील मला खोटारडा म्हणेल. कॉलेज सोडलेला, डोकं फिरलेला, बिनकामाचा. सगळं छापून येईल. आई वाचेल. तुला बँकेत विचारलं तर हवं ते सांग. थॅडियस खोटं लिहितो, त्याला माझा राग होता, असं सांग. मी कुठेही, कोणासमोर ते नाकारणार नाही. त्यातलं अर्धं तर खरंच आहे.

यानं तुझी नोकरी वाचेलच असं मला म्हणता येत नाही. वाचली तरी तो ट्रे उद्या पुन्हा तुझ्याच हाताखाली असेल, आणि तेव्हा तू काय करायचं हे मी सांगणार नाही. ते एकदा सांगून बसलो, तुझ्या वतीनं, दोनशे प्रतींत.

ग्रेगरीबद्दल एक वाक्य लिहिलं होतं. खोडलं. खाली काय होतं ते उजेडासमोर धरलंस तर दिसेल, पण धरू नकोस.

तळघराची किल्ली पास्टरांना परत करायची आहे, ती पाकिटात टाकलेली नाही, काळजी करू नकोस. हे पत्र क्लीओकाका तुझ्या आईच्या हातात देतील. त्यांच्यासाठी ती बाहेरचं दार उघडते. काका बूट पुसून आत जातात.

चर्चची गाडी बाहेर लागली आहे. मावशी पुढच्या सीटवर बसल्या आहेत, मांडीवर वह्यांचा गठ्ठा, आणि मला हॉर्न वाजवून बोलावताहेत, हॉर्न त्यांचा नसूनही. इथलं, तळघराचं दार तुला आठवतं, थंडीत फुगतं, आपटल्याशिवाय लागत नाही असं मी नेहमी सांगायचो. काल काकांनी दाखवलं. मूठ जराशी वर उचलायची आणि ओढायचं, बस. दिवा घालवला आहे. शेवटची ओळ दारातल्या उजेडात लिहितो आहे. आता मूठ उचलून ओढतो.

ज्याला तू एक गोष्ट सांगितली होतीस, तो
थॅडियस